एकच पोचा

मी जाळी बोलतेय. पापड भाजायची नव्हे आणि खिडकीची तर नव्हेच. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली तोंडावर बांधतात ती. चार पोलादी तारा, कपाळाला आणि हनुवटीला टेकणाऱ्या दोन गाद्या, डोक्यामागून जाणारा एक इलॅस्टिकचा पट्टा, एवढाच माझा संसार. चेंडू आणि नाक यांच्या मध्ये उभं राहायचं, हे माझं काम.

माझ्या डाव्या गालाच्या तारेवर एक पोचा आहे. असायला हवे होते दोन. तो दुसरा का नाही, हे सांगायला मी तोंड उघडलंय, नाहीतर मला बोलायची सवय नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तार वाकवली, सांधे जोडले, पांढरा रंग फवारला. शेवटी एका बाईनं मला स्वतःच्या तोंडाला लावून पाहिलं, मान हलवली आणि खोक्यात टाकलं. तिथून मी ओक्लाहोमातल्या हॅकबेरी गावी एका दुकानात आले आणि मासे पकडायच्या गळांशेजारी वर्षभर टांगलेली राहिले. टांगलेलं राहणं माझ्या पत्रिकेतच असावं.

तिथून मला लोरेटानं नेलं. लोरेटा शाळेची बस चालवायची. तिच्या बसमधल्या एका मुलीचे पुढचे चार दात चेंडूनं पाडलेले तिनं पाहिले आणि त्याच संध्याकाळी ती दुकानात आली. तिची मुलगी टेसा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला पिचर व्हायचं होतं.

पिचर म्हणजे मैदानाच्या मधल्या वर्तुळातून, हात खांद्याखालून गरकन फिरवून, बॅटरकडे चेंडू फेकणारी. दोघींत अंतर जेमतेम चाळीस फूट. चेंडू सोडल्यावर पिचर आणखी पुढे आलेली असते. तिथून तो परत आला तर दिसेपर्यंत तोंडावर येतो. खेळाचं नाव सॉफ्टबॉल, पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या चेंडूत मऊ काहीही नाही.

टेसानं मला पाहिलं आणि नाक मुरडलं. हे काय पिंजऱ्यासारखं, म्हणाली. लोरेटानं वाद घातला नाही. अंगणात एक रिकामी बादली उलटी टाकली, तिच्यावर बसली, हातात कॅचरचा, म्हणजे चेंडू झेलणारीचा, जाड हातमोजा चढवला आणि सांगितलं, “जाळी नाही तर मी नाही. बादलीला टाक चेंडू.” त्या गावात पिचर मुलींचे आईबाप असेच बादलीवर बसून म्हातारे होतात. लोरेटा सात वर्षं बसली. तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या असत, पण मी टेसाच्या तोंडावर असे.

पोचा पडला तो टेसा तेराची असताना, शाळेच्या सामन्यात. एका धिप्पाड मुलीनं चेंडू सरळ परत हाणला. मला दिसला तेव्हा तो एवढासा होता आणि पुढच्या क्षणी सगळं आभाळ त्यानं भरलं. माझी तार आत वाकली, टेसा मागच्या मागे बसली. आणि मग माझ्या आड ती हसायला लागली. गालाला माझ्या तारेचा लाल वळ होता, बाकी काही नाही. लोरेटानं घरी हातोडीनं पोचा सरळ करून पाहिला, तो काही हटला नाही. “असू दे,” ती म्हणाली, “निदान आठवण राहील.”

त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी सुखी झाले नाही.

कॉलेजात टेसा मला घेऊन गेली. तिथं पिचरनं जाळी घालावी असा नियम नव्हता. अर्ध्या मुली घालत, अर्ध्या नाही. कोच डोरीन यांचं धोरण होतं की पोरी मोठ्या झाल्यात, पोरींचं पोरी बघतील. बाई वाईट नव्हत्या. फक्त जिथं बोलायला हवं तिथं गप्प बसायची त्यांना सवय होती, आणि त्या गप्प बसण्याला त्या विश्वास म्हणत.

टेसाची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे कॅचर मारिसोल. टेसानं टाकायचं आणि मारिसोलनं झेलायचं, चार वर्षं. अख्ख्या संघाची पुरोहितबाईही तीच. जिंकलेल्या दिवशीचे मोजे धुवायचे नाहीत. बसमध्ये जागा बदलायची नाही. मैदानात जाताना चुन्याच्या रेषेवर पाय द्यायचा नाही. सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या त्या लोणच्याच्या चवीच्या, कारण मागच्या वर्षी बार्बेक्यूच्या चवीच्या आणल्या होत्या आणि हरलो होतो. पळसाला पानं तीनच. माणसं विद्यापीठात शिकली म्हणून मांजर आडवं जायचं थांबत नाही.

मी हे सगळं तारांआडून बघत होते आणि मला गंमत वाटत होती. वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

टेसाचं शेवटचं वर्ष. एप्रिल सरत आलेला. चार धावांनी मागे असताना माझा पट्टा तुटला. जुनाच होता, घामानं कुजलेला. टेसानं मला बाकावर टाकलं आणि तशीच गेली. त्यानंतर तिनं एकाही मुलीला धावून गाठायच्या पहिल्या खुणेपर्यंत, बेसपर्यंत, पोहोचू दिलं नाही, आणि आमच्या मुलींनी पाच धावा काढून सामना जिंकला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच ते होतं.

पुढच्या सामन्याला मला नवा पट्टा लावला. टेसानं मला बांधलं आणि पहिल्याच डावात दोन होमरन खाल्ले, म्हणजे तिचे दोन चेंडू थेट कुंपणापार गेले. मारिसोल वर्तुळापाशी आली. तिनं हात लांब केला, मला टेसाच्या तोंडावरून उचललं, खेळाडू बसतात त्या डगआऊटमध्ये नेलं आणि पुढच्या कुंपणाच्या हुकाला अडकवलं. माझं तोंड मैदानाकडे. हे करणाऱ्या पोरीच्या स्वतःच्या तोंडावर माझ्या दुप्पट जाड जाळी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आम्ही तो सामना जिंकला. त्याच्या पुढचाही.

मग बॅटिंगला जाणारी प्रत्येक मुलगी माझ्या पोच्याला बोट लावून जाऊ लागली. मला देवपण आलं. देवाचं एक बरं असतं, त्याच्याकडून कामाची अपेक्षा नसते. मला हुकाला टांगलं आणि माझ्याशेजारी सगळ्यांनी आपापली अक्कलही टांगली.

लोरेटाला कळलं तेव्हा तिनं फोन केला. टेसा तेव्हा माझ्यापाशीच बसली होती. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, टेसाचं आलं. “आई, आत्ता नाही. बारा जिंकलोय ओळीनं. मी घातली आणि हरलो, तर ह्या पोरींना काय तोंड दाखवू?” मग पलीकडचं ऐकून म्हणाली, “हो. नंतर घालेन. नंतर नक्की.”

नंतर म्हणजे देशातल्या सगळ्या कॉलेजांची अजिंक्यपद स्पर्धा. शेवटचे आठ संघ दरवर्षी मेअखेरीला ओक्लाहोमा सिटीत जमतात. आमचं लहान कॉलेज कधी तिथवर गेलं नव्हतं. हॅकबेरीची अर्धी वस्ती गाड्या भरून आली. दुकानं बंद, चर्चमध्ये पुढच्या बाकांवर चार म्हाताऱ्या. चौघीही देव पाण्यात घालून बसल्या असत्या, तशी रीत असती तर.

मला तिथली हवा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. दक्षिणेचा वारा सारखा एकाच बाजूनं ढकलत होता. शनिवारी भर दुपारी शहरभर वादळाचे भोंगे वाजले. दर शनिवारी बाराला ते वाजवून बघतात. मैदानावरच्या हजारो माणसांतल्या एकानंही मान वर केली नाही. लोकांनी सॉसेज खाल्ले, लिंबूपाणी प्यायलं. दर आठवड्याला वाजणाऱ्या भोंग्याला कोण भितं? हुकाला लटकून मी तो शेवटपर्यंत ऐकला.

समोरच्या संघात इमानी ब्रॅडशॉ होती. उंच, डावखुरी, शांत मुलगी. ती चेंडू आभाळात उडवत नसे. जिथून आला तिथंच परत पाठवी, सरळ, कमरेच्या ते डोळ्यांच्या उंचीनं. सराव करताना ती मारायची तेव्हा माझ्या तारा शहारायच्या. आवाजच निराळा होता.

अंतिम फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. पहिल्या सामन्यात इमानीचा एक फटका टेसाच्या उजव्या कानावरून गेला. तिच्या वेणीची रिबिन सुटून मागे पडली. टेसानं मान वळवून पाहिलं तोवर चेंडू कुंपणाला लागून परत येत होता. बाकावर हशा पिकला. मुली म्हणाल्या, टेसाला नजर लागत नाही बाई. मारिसोलनं रिबिन उचलून आणली. ती हसत नव्हती. टेसाच्या वेणीला ती बांधताना तिनं दोनदा वळून माझ्या हुकाकडे पाहिलं.

तो सामना आम्ही जिंकला. आता एकच उरला होता.

दुसऱ्या दिवशी सामन्याच्या आधी लोरेटा डगआऊटच्या कुंपणापाशी आली. आत यायची परवानगी नव्हती. ती बाहेरून कुंपणाच्या तारांना बोटं अडकवून उभी राहिली, माझ्यापासून हातभर लांब. सात वर्षं बादलीवर बसलेली बाई, तिला आता वाकून उभं राहावं लागत होतं.

“टेसा,” ती म्हणाली, “एकच डाव घाल. माझ्यासाठी.”

“आई, हात नको लावूस तिला. जिंकतोय आपण.”

“ती पोरगी तुझ्या तोंडावर मारते. मी बघितलं काल.”

“मीही बघितलं.”

“मग?”

टेसानं बाकाकडे पाहिलं. सगळ्या मुली ऐकू येत नसल्यासारखं करत होत्या. “मग काही नाही,” ती म्हणाली. “सात डाव राहिलेत. आयुष्यभर काय, घरी आले की जेवतानासुद्धा घालून बसेन.”

लोरेटा हसली नाही. तिनं कोच डोरीन यांच्याकडे पाहिलं. कोच हातातल्या कागदावर नावं लिहीत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. मग लोरेटानं कुंपणाच्या भोकातून बोट घालून माझ्या पोच्याला लावलं, बाकीच्या सगळ्यांसारखंच, आणि आपल्या जागेवर निघून गेली. तीही नवस बोलली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तिसऱ्या डावात दक्षिणेला आभाळ हिरवंकाळं झालं. विजा दिसल्या म्हणून पंचांनी खेळ थांबवला. दोन तास सगळे आत बसले. पाऊस आमच्यावर पडलाच नाही, बाजूनं गेला. मुली बिया चघळत होत्या, कोणी कोणाच्या वेण्या घालत होती. टेसा माझ्याखाली भिंतीला टेकून झोपली. तिचं तोंड मला वरून दिसत होतं. डाव्या गालावर, मी वळ उठवला होता तिथं, आता नुसता तीळ होता. एकविसाव्या वर्षीचं तोंड किती उघडं असतं हे झोपेतच कळतं. मला वाटलं, हा नवा पट्टा तुटावा आणि मी आपोआप खाली पडावं. पट्टा नवा होता, तुटला नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सातवा डाव, शेवटचा. आम्ही एका धावेनं पुढे. त्यांच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की संपलं; एक मुलगी दुसऱ्या बेसवर, आणि बॅट घेऊन इमानी आली.

मारिसोलनं पंचांकडे वेळ मागून घेतला. ती वर्तुळाकडे जायला हवी होती. ती डगआऊटकडे आली, सरळ माझ्यापाशी. तिनं मला हुकावरून काढलं. बाकावरच्या मुली उठल्याच. एक म्हणाली, “मारी, काय करतेस? जागेवर ठेव ती.” मारिसोलनं ऐकलं नाही. रेषेवर पाय पडला तरी तिनं पाहिलं नाही. एवढी धार्मिक पोरगी ती.

वर्तुळात तिनं मला टेसाच्या हातात दिलं. “घाल.”

“तूच काढलीस ना?”

“मीच काढली. म्हणून मीच आणलीय. घाल गं, पाया पडते.”

टेसानं मला तोंडाशी नेलं. महिन्याभरानं तिचा श्वास माझ्या तारांवर आला, लोणच्याच्या बियांच्या वासाचा, गरम. कपाळ गादीला टेकलं. पट्टा डोक्यामागे जायचा तेवढा राहिला होता. आणि तेवढ्यात तिनं बाकाकडे पाहिलं. सगळ्या मुली कुंपणाला चिकटून उभ्या होत्या, आणि मधला हुक रिकामा होता. त्या काही बोलत नव्हत्या. एक जरी ‘घाल’ म्हणाली असती तर काम झालं असतं. कोचही बोलल्या नाहीत.

टेसानं मला खाली घेतलं. “एकच बॅटर राहिलीय, मारी,” ती म्हणाली. “आत्ता नाही मोडायचं.”

मारिसोलनं मला परत आणलं. बाकावरून एक हात आला आणि मला हुकाला अडकवलं. कोणीतरी टाळी वाजवली. माझं तोंड मैदानाकडे.

टेसाचा पहिला चेंडू इमानीनं सोडला. दुसरा बाहेर गेला. तिसरा टेसानं फेकला तो तिचा सगळ्यांत वेगाचा. इमानीनं तो जिथून आला तिथं पाठवला.

टेसाचा हातमोजा कमरेपासून वर निघाला होता, एवढं मी सांगू शकते. अर्ध्यात होता. आवाज लाकडावर नारळ आपटल्यासारखा आला. चेंडू तिच्या डाव्या डोळ्याखाली लागून उंच उडाला, पुढच्या बाजूला. मारिसोल तोवर आपली जाळी भिरकावून टेसाकडे धावत सुटली होती. चेंडू तिच्यासमोर खाली आला. चेंडू आला की हात जातो, ती चार वर्षांची सवय. तो जमिनीला लागायच्या आत तिच्या हातमोज्यात पडला.

अंगाला लागून उडालेला चेंडू झेलला तरी बॅटर बाद. तिसरी बाद. आम्ही अजिंक्य झालो होतो.

हजारो माणसं एकदम ओरडली. ज्यांना कळलं नव्हतं ती आनंदानं, ज्यांना कळलं होतं ती दुसऱ्या कशानं. आणि आमच्या मुली धावल्या. जिंकलं की पिचरच्या अंगावर सगळ्यांनी झेप घेऊन ढीग करायचा, ही त्या मैदानावरची रीत. वीस जणी धावत होत्या, हसत, रडत, आणि टेसा वर्तुळात गुडघ्यांवर होती, दोन्ही हात तोंडावर.

मारिसोलनं चेंडू फेकून दिला आणि मध्ये उभी राहिली, हात पसरून. “थांबा,” ती म्हणत होती. “थांबा. थांबा.” पहिली मुलगी तिच्या छातीवर आदळली, दुसरी तिच्यावर. ती हटली नाही. माझं काम ती करत होती, आणि मी हुकाला होते.

इमानी बॅट टाकून पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवर बसली होती. तिच्याकडे कोणी गेलं नाही. लोरेटा मात्र कुंपण चढून आत आली. तिला या वेळी परवानगी कोणी विचारली नाही.

टेसाचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न केले. गालाचं हाड बसवलं, नजर बसवता आली नाही.

आता मी कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात असते. शेजारी चषक, त्याच्यामागे शेवटच्या झेलाचा फोटो, चेंडू हवेत असतानाचा. खाली पितळी पट्टी: ‘विजयी वर्षाची शुभ जाळी’. माझ्यावर दिवा सोडलाय. धूळ बसत नाही.

टेसा मागच्या हिवाळ्यात आली होती. आता ती हॅकबेरीत लहान मुलींना शिकवते, उलट्या बादलीवर बसून. एका डोळ्यानं झेलताना चुकतं, तिच्याही नडग्या काळ्यानिळ्या होत्या. तिनं मला परत मागितलं. ऑफिसातल्या माणसानं अदबीनं सांगितलं की ही कॉलेजची ठेव आहे, देता येणार नाही. सामन्याच्या दिवशी मुली इथं येऊन काचेला बोट लावून जातात, हेही त्यानं कौतुकानं सांगितलं. टेसा काचेपाशी आली. “ती घालायची असते,” एवढंच म्हणाली, आणि गेली.

येतात खरंच. आताची पिचर पोरगी तर न चुकता येते. एकोणीस वर्षांची असेल, नाकावर ठिपके, दात सगळे शाबूत. ती उघड्या तोंडानं खेळते. टेसाही तशीच खेळली आणि जिंकली, असं तिला सांगितलंय. ती काचेवर, बरोबर माझ्या पोच्यासमोर, बोट टेकवते आणि डोळे मिटते. दोन्ही डोळे.

पोरी, माझ्याकडे काही मागू नकोस. माझ्यात काही नाही. मी नुसती तार आहे, आणि तारेनं काचेआड बसून कोणाला वाचवलेलं नाही. कुठल्यातरी दुकानात, मासे पकडायच्या गळांशेजारी, माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिला उतरव. बांध. तुझ्या मैत्रिणी हसल्या तर हसू देत, हरलीस तर हर. तिला पोचे पडू देत गं, खूप पडू देत.